दीडशे शब्दांत न मावणारे नानासो

नानासो बर्गे हा माणूस देवानं कुठल्या जन्मीचं उट्टं काढायला माझ्या वाट्याला दिला, ते अजून कळलेलं नाही. मी साताऱ्यात एका दैनिकाच्या डेस्कवर बसतो. गावोगावचे वार्ताहर बातम्या पाठवतात, मी त्या कापतो. कोरेगावच्या पुढं, उसाच्या पट्ट्यात नानासोंचं गाव आणि तिथले आमचे वार्ताहर म्हणजे हेच. आधी फौजेत सिग्नलला होते. तिथं म्हणे दोन ओळींत सगळा निरोप बसवायचा असायचा. एवढी वर्षं तोंड दाबून धरल्याचा सूड त्यांनी पेन्शनीत आल्यावर माझ्यावर उगवला.

त्यांची बातमी कशी असते, सांगतो. गावात टाकी झाली, कुस्त्या झाल्या, कुणाची मुलगी फौजदार झाली, काहीही होवो. ते चार ओळींत उरकतं आणि मग सुरू होतं, 'यावेळी...' मग सरपंच, उपसरपंच, सोसायटीचे चेअरमन, माजी चेअरमन, होऊ घातलेले चेअरमन, मंडपवाला, स्पीकरवाला आणि गर्दीमुळे बाहेरच उभा राहिलेला एखादा पाहुणा. सगळे संपले की 'उपस्थित होते'. दुसऱ्या कुणाची बातमी असली तर चार नावं ठेवून मी 'आदी मान्यवर' लिहितो आणि चहाला जातो. नानासोंना 'आदी' अजिबात खपत नाही.

"आदी म्हंजी कोन, साहेब?" ते फोनवर विचारतात. "आमच्या गावात आदी नावाचं कुनी ऱ्हात न्हाई."

त्यांचंही खोटं नाही. गुंडा म्हणून त्यांच्याकडं ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम आहे. एकदा बातमीत जागा नव्हती म्हणून मी त्याचं नाव उडवलं. त्या हंगामात साऱ्या शिवारात तोड आली, नानासोंचा ऊस तेवढा तुरे काढून वाळत उभा. "तुमी त्याचं नाव तोडलंसा, त्यो माझा ऊस तोडंना," असा त्यांचा फोन आला. नाव छापायचं राहिलं की माणूस तुटतो. रामराम बंद, लग्नाची पत्रिका बंद, मयताला सुद्धा लांब उभा राहतो. अशी एकेक करून माणसं गेली तर गावात राहायचं कसं, हीच नानासोंची धास्ती. मला काय, मी आपला साताऱ्यात.

मध्यंतरी आमच्या ऑफिसनं नवं खूळ काढलं. व्हॉट्सअॅपवर बातम्या बंद. वार्ताहरांनी मोबाइलवर आमच्या वेबसाइटचं एक पान उघडायचं, त्यातच बातमी लिहायची आणि बटण दाबायचं. ते पान आमच्या सांगली ऑफिसातल्या अंकितानं बनवलं. पोरगी लय हुशार, पण सांगलीची. साताऱ्याचा फोन म्हटला की आधी हसून घेते, मग हॅलो म्हणते.

मी तिला म्हणालो, "लिहिताना खाली शब्द मोजून दाखव. दीडशेच्या वर गेले की आकडा लाल झाला पाहिजे आणि बटण बंद."

"नानासोंसाठी ना, सर?"

"सगळ्यांसाठी."

"बरं, सगळ्यांसाठी," असं म्हणून ती पुन्हा हसली. दोन दिवसांत तिनं करूनही दिलं. आता सुटलो, असं मी मनात म्हणालो.

कसला सुटतोय! नानासोंची पहिलीच बातमी आली. खाली आकडा हिरवागार, दीडशेच्या आत. आणि बातमी बघतो तर शेपूट पहिल्यापेक्षा लांब. 'यावेळी'नंतर सरपंचांपासून स्पीकरवाल्यापर्यंत सगळी नावं एकमेकांना चिकटवून एकच सलग डबा. आगगाडी बरी, तिचे डबे तरी सुटे करता येतात. मी अंकिताला फोन लावला.

"मोकळी जागा आली की एक शब्द संपला, असं मी मोजते, सर," ती म्हणाली. "त्यांनी जागाच सोडली नाही. पन्नास माणसं, एक शब्द."

मी नानासोंना झापलं. ते शांतपणे म्हणाले, "मान्सं मांडीला मांडी लावून बसल्याली, साहेब. मधी जागा कुठनं सोडू?"

मग मी अंकिताला शब्दांच्या जोडीला अक्षरंही मोजायला लावली आणि त्यांनाही मर्यादा घातली. आता चिकटवा किती चिकटवायचं ते! मी दोन दिवस मोठ्या रुबाबात होतो. तिसऱ्या दिवशी नानासोंनी मला बगल देऊन थेट सांगलीला फोन केला.

"ताई, तुमचं मशीन पक्षपाती हाय," ते अंकिताला म्हणाले. "कमल लिवलं तर तीन मोजतंय आन पृथ्वीराज लिवलं तर नऊ. दोगं बी एकाच सतरंजीवर बसल्याली!"

अंकितानं त्यांना समजावलं की मशीन काना, वेलांटी, जोडाक्षराचा पाय, सगळं वेगवेगळं धरतं. नानासो म्हणाले, "मग आमच्या पृथ्वीराजानं काय करावं? बारसं परत घालावं?" ती इतकी हसली की तिनं दुपारचा डबा बाजूला ठेवून ते दुरुस्तच केलं. आता तोंडानं म्हणतो तसंच मशीन मोजतं, पृथ्वीराज चार. मला मात्र तिनं सांगितलं नाही. मला कळलं ते पुढची बातमी आल्यावर. मोकळ्या झालेल्या जागेत नानासोंनी माळावरची अख्खी धनगरवस्ती आणून बसवली होती.

तरी माणसं उरायचीच. मग त्यांनी बातमीच कापायला घेतली. मी आयुष्यात कधी कापली नसेल इतक्या निर्दयपणे. एकदा नुसतं आलं, 'टाकी झाली. यावेळी...' आणि पुढं नावंच नावं.

"अहो, कसली टाकी? कुठं? किती खर्चाची?" मी ओरडलो.

"टाकी समद्यांना दिसतीया की, साहेब. देवळाम्होरंच हाय. कोन कोन आलतं ते छापल्याबिगर कसं कळंल?"

मी टाकीची माहिती ग्रामसेवकाकडून घेतली आणि तीही छापली. नाव मात्र एकही उडवलं नाही. नानासोंच्या उसाला पुन्हा तुरे आलेले मला बघायचे नव्हते.

गेल्या श्रावणात त्या गावानं खुद्द नानासोंचाच सत्कार केला. इतकी वर्षं गावाला पेपरात आणलं म्हणून फेटा, शाल, श्रीफळ, सगळं सगळं. आता बातमी पाठवणार कोण? अर्थात तेच. त्यांनी ती संध्याकाळी पाठवली. 'गावच्या वार्ताहराचा सत्कार झाला. यावेळी...' आणि मग सारं गाव. आकडा मर्यादेला टेकलेला, एका अक्षराला जागा नाही. मी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. गुंडा होता, मंडपवाला होता. नानासो बर्गे कुठंच नव्हते.

मी फोन लावला. "नानासो, सत्कार कुणाचा झाला?"

"माझा की."

"मग तुमचं नाव कुठंय?"

"बसंना, साहेब. माझं घालायचं तर दुसऱ्याचं काडायला लागतंय. दोनदा समदी नावं फिरवून बगितली. कुनाचं काडू?"

"अहो, पण बातमी तुमची आहे!"

"असू द्या वो. दुसऱ्या कुनाचं ऱ्हायलं तर त्यो बोलायचा बंद हुतो. माझं ऱ्हायलं म्हनून मी काय माझ्याशी बोलायचं सोडनार हाय व्हय?"

मला हसू आलं आणि खरं सांगतो, लय वाईट वाटलं. बातमीचा मथळा डेस्कवर लिहितात. तिथं अंकिताचं मशीन पोचत नाही. मी मोठ्या टायपात ठोकून दिलं, 'नानासो बर्गे यांचा ग्रामस्थांकडून सत्कार.' वर फेट्यातला फोटोही लावला.

सकाळी माझ्या तोंडात ब्रश असतानाच फोन वाजला.

"घात केलासा, साहेब! वर माझं एकट्याचंच नाव? सरपंच साऱ्या गावाला म्हनतोय, फेटा बांदला म्या आन मीच आत बारक्या अक्षरात? आत्ताच समोरनं गेला, रामराम सुदिक न्हाई घातला!"

माझं डोकंच फिरलं. एक तर या माणसाचं भलं करायला जावं आणि वर बोलणी खावीत! "मग उद्या दुरुस्ती छापतो," मी म्हणालो. "मथळ्यातनं तुम्हाला काढतो आणि सरपंचांना घालतो. चालेल?"

पलीकडं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"नगं," ते हळूच म्हणाले. "आमची मंडळी पेपर घिऊन आळीतनं दारोदार दावत फिरतीया. आजच्या दिस सरपंच न बोलता ऱ्हाऊ द्या."