लायलचा थाळा

माझा धाकटा भाऊ लायल अकरा वर्षं पगारी अमेरिकन फुटबॉल खेळला आणि तेवढ्या वर्षांत चेंडूला त्याचा हात एकदाच लागला. कुणाच्या तरी हातून निसटून चेंडू त्याच्या पोटाखाली आला आणि हा त्यावर पडून राहिला, एवढंच. चेंडू फेकणारा मागे उभा असतो, त्याच्या अंगावर धावून येणाऱ्या धटिंगणांना आडवं जायचं, हे लायलचं काम. अशी पाच माणसं ओळीने उभी असतात. लायल त्यातला डावा गार्ड.

आईला हे पचायला फार वेळ लागला. शाळेतल्या पहिल्या सामन्याला ती बाबांच्या कानाशी सारखी कुरकुरत होती. "स्टॅन, त्याला चेंडू का देत नाहीत रे? एवढा दांडगा पोरगा, नुसता धक्के खातोय!"

"तो धक्के खातोय म्हणून तर दुसऱ्याला चेंडू मिळतोय. गप बघ."

"म्हणजे माझ्या पोराने राबायचं आणि टाळ्या दुसऱ्याला?"

"मग आपण शेतात वेगळं काय करतो?" बाबा म्हणाले.

पुढे तो टीव्हीवर दिसायला लागला. समालोचक या पाच जणांची नावं घेत नाहीत. घेतलंच कुणाचं नाव, तर समजावं की त्याने काहीतरी घोळ घातलाय. एकदा लायलने समोरच्याची जर्सी मुठीत धरून ठेवली, पंचाने पिवळं फडकं टाकलं आणि समालोचकाने "लायल कुबात" असं स्वच्छ म्हटलं. आई खुर्चीतून उठून टाळ्या पिटायला लागली. "ऐकलंस, जोलीन? अख्ख्या देशासमोर नाव घेतलं त्याचं!" मी खरं काय ते सांगणार होते, पण बाबांनी डोळ्यांनीच दटावलं. त्या चुकीपायी संघ सामना हरला. आईने मात्र शेजारणींना फोन केले.

पण मला सांगायचंय ते त्याच्या खाण्याबद्दल.

लायल मुळात जाड नव्हता. उंच होता, हाडापेराने रुंद होता. तो चौदा वर्षांचा असताना शाळेचा कोच आमच्या स्वयंपाकघरात आला आणि टोपी हातात धरून आईला म्हणाला, "मिसेस कुबात, हाडं देवाने दिलीत. मांस तुम्ही चढवा." आईवर आयुष्यात एवढी मोठी कामगिरी कुणी सोपवली नव्हती. तिने कंबर कसली. सकाळी अंडी आणि सॉसेज, शाळेतून आला की कोलाच, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, रात्री डुकराचं मांस, आंबवलेला कोबी आणि उकडलेल्या कणकेचे डंपलिंग. एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा.

त्याच टेबलाशी मीही बसायचे. त्याला "अजून घे", आणि मला "पुरे आता, जोलीन, ड्रेसची चेन लागायची नाही." आई एकच, पातेलं एकच. मी दुसऱ्या डंपलिंगकडे हात नेला की तिची नजर माझ्या हातावर यायची आणि हात आपोआप मागे जायचा. मला राग यायचा. अजून येतो, खोटं कशाला बोलू.

हळूहळू सगळं गावच त्याला भरवायला लागलं. बेकरीवाला गाडी थांबवून पिशवी द्यायचा, खाटीक हाडाबरोबर मांस जास्तच ठेवायचा. आणि ऑक्टोबरात चर्चचं बदकाचं जेवण असतं तेव्हा लायलला ताटात वाढत नसत. सणाला अख्खी टर्की ज्यावर मांडतात तो लांबट थाळा त्याच्यासाठी बाजूला काढलेला असायचा. आई स्वतः तो भरायची आणि तो घेऊन लायल टेबलाशी निघाला की अख्खा हॉल टाळ्या वाजवायचा. मैदानात त्याच्या वाट्याला न आलेल्या टाळ्या त्याला तिथे मिळायच्या, असं बाबा म्हणायचे.

पगारी संघात गेल्यावर खाणं ही नोकरीच झाली. दर शुक्रवारी वजनकाटा. काटा तीनशे पौंडांच्या खाली गेला की कोचची बोलणी आणि वर दंड. "भूक लागली म्हणून जेवलो, असं मला कितीक वर्षांत आठवत नाही," असं तो एकदा माझ्याजवळ म्हणाला. मला तेव्हा ती चैन वाटली. मी त्या आठवड्यात सॅलडवर होते.

दर गुरुवारी ते पाच जण एकत्र जेवायचे. ती त्यांची रीत होती, लग्नाची बायको आजारी असली तरी गुरुवार चुकायचा नाही. लायलचं लग्न टिकलं नाही, गुरुवार टिकले. एका उन्हाळ्यात ते पाचही जण आमच्या शेतावर आले. टेबलाला जोड म्हणून बाबांनी धान्यकोठारातलं दार काढून आणलं. त्यांच्यात मोझेस टिलरी होता, मधला, लायलच्या अगदी खांद्याला खांदा लावून उभा राहणारा. अलाबामाचा. तिसऱ्यांदा वाढून घेताना तो आईला म्हणाला, "मिसेस कुबात, मला दत्तक घेऊन टाका."

"तुझी आई काय म्हणेल रे?"

"तिच्या घरी रविवारी जाईन. बाकीचे सहा दिवस तुमचे."

आईने चौथा डंपलिंग त्याच्या ताटात टाकला. त्या दिवशी ती जेवढी खूश होती तेवढी मी तिला माझ्या लग्नातही पाहिली नाही.

लायलचे गुडघे गेले आणि संघाने त्याला निरोप दिला. तो घरी आला, सहकारी संस्थेत पशुखाद्याचा ट्रक चालवायला लागला आणि आईसोबत शेतावरच्या घरी राहिला. बाबा तोवर गेले होते. ट्रॅक्टरच्या सीटवर बसल्या बसल्या, हृदय बंद पडून. खेळ संपला, पण लायलचं वजन तसंच राहिलं. चर्चच्या पायऱ्या चढताना तो मध्येच थांबायचा आणि कुणाशी तरी बोलायचंय असं दाखवायचा. मी त्याला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "शंभर पौंड उतरव. नाहीतर वडिलांच्याच वाटेने जाशील, आणि त्यांच्यापेक्षा लवकर."

लायल कामाला लागला. सांगितलेलं काम मान खाली घालून करणं एवढंच त्याला आयुष्यभर येत होतं. कोबीचं सूप, उकडलेली कोंबडी, संध्याकाळी शेताच्या कडेने चालणं. दोन महिने झाले, पण काटा जागचा हलेना. मला काही उलगडेना. मग एका दुपारी मी न सांगता घरी गेले, तर आई सूप ढवळत होती आणि हातात बदकाच्या चरबीची बरणी.

"आई! काय घालतेस त्यात?"

"चव."

"ती चरबी आहे."

"चव चरबीतच असते. तुला काय कळतंय त्यातलं, तू कधी धड जेवली आहेस का?"

"जेवू कुणी दिलं?"

तिने बरणीचं झाकण लावलं. "वाळत चाललाय तो. लोक विचारतात मला, लिबी, तुझ्या पोराला झालंय काय? शेजारचा एमिल म्हणतो, पगार बंद झाला म्हणून जेवणही बंद केलंस की काय. मी आई आहे त्याची. माझ्या डोळ्यांदेखत त्याने उपाशी राहायचं?"

"त्याला मारतेस तू," मी म्हणाले. असं बोलायला नको होतं, पण बोलले. तिने माझ्याकडे पाठ केली आणि ढवळत राहिली.

मी तडक लायलच्या ट्रककडे गेले आणि त्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "वास येतो की."

"मग खातोस कशाला, गाढवा?"

तो स्टीअरिंगवर बोटं फिरवायला लागला. त्याची दोन बोटं मोडून वाकडी जुळली आहेत. "जोलीन, तीनशे पौंडांचा माणूस अंगावर आला तर त्याला कसं थोपवायचं ते मला कळतं. पाय कुठे, हात कुठे, सगळं. आई वाटी घेऊन समोर आली की काय करायचं, ते मला कुणी शिकवलंच नाही."

माझा राग कुठच्या कुठे गेला आणि त्याच्या जागी भीती आली. हा माणूस आईचं मन राखता राखता मरणार, आणि मी नुसती बघत बसणार, असं मला वाटलं.

मार्चमध्ये मोझेस गेला. झोपेतच, हृदय बंद पडून, चव्वेचाळिसाव्या वर्षी. आई म्हणाली, मी येणार. दत्तक घ्या म्हणाला होता तो मला. आम्ही तिघं गाडीने अलाबामाला गेलो. उरलेल्या चौघांनी शवपेटी खांद्यावर घेतली. पुढच्या डाव्या बाजूला लायल होता. चर्चच्या पायऱ्या उतरताना त्याचा चेहरा लालबुंद झाला होता, श्वास आम्हाला ऐकू येत होता. आईने माझा दंड घट्ट धरला. पायऱ्या संपेपर्यंत तिने तो सोडला नाही.

नंतर तळघरातल्या हॉलमध्ये जेवण होतं. मोझेसची आई, बारीक चणीची बाई, स्वतःच्या मुलाच्या मयताच्या दिवशी स्वतःच वाढत होती. बायका तिला बसवत होत्या, ती बसत नव्हती. तळलेली कोंबडी, मॅकरोनी, मक्याचा पाव. लायलच्या ताटात तिने भरभरून वाढलं, मग तिचा हात मध्येच थांबला. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्या आईकडे.

"तुमचा का हा?"

"हो," आई म्हणाली.

"माझाही असाच. नाताळात आला होता. मी वाढत गेले, तो खात गेला. नाही म्हणून कधी म्हणायचाच नाही मला." तिने मोठा चमचा भांड्यात ठेवला. "चांगला मुलगा होता हो."

आईने तिचे दोन्ही हात हातात घेतले. दोघी तशाच उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामागे रांग खोळंबली. परतीच्या सगळ्या प्रवासात खाण्याचा डबा आईने मांडीवर धरला होता, पण तो उघडला नाही.

घरी आल्यावर मी चरबीची बरणी शोधली. ती जागेवर नव्हती. बरणीबद्दल मी विचारलं नाही आणि आईनेही काही सांगितलं नाही. उन्हाळ्यात लायलचा पट्टा दोन भोकं आत गेला.

मग ऑक्टोबर आला. मला त्या जेवणाची धास्ती होती. घरात एकट्या लायलसमोर हात आखडता घेणं वेगळं, अख्ख्या गावासमोर वेगळं. चर्चच्या स्वयंपाकघरात तिने चाळीस वर्षं वाढलंय, तिची इज्जत त्या पळीवर आहे. लायल रांगेत पुढे सरकत होता. लोक माना वळवून बघत होते, काहींनी टाळ्यांसाठी हातातले काटे खालीही ठेवले होते. थाळा आईच्या कोपराशी होता, धुऊनपुसून चकचकीत.

आईने तो उचलला नाही. तिने लहान मुलांच्या ताटांच्या चळतीतलं एक ताट घेतलं. बदकाचा एक तुकडा ठेवला, बोटांनी त्याची कातडी सोलून बाजूला केली. कोबी वाढला. एक डंपलिंग सुरीने मधोमध कापला आणि अर्धाच ठेवला. रस्सा घालायला पळी उचलली आणि परत ठेवून दिली. मग तिने ते ताट लायलपुढे धरलं.

एमिल मागून ओरडला, "अगं लिबी, काय हे! पोराला उपाशी मारतेस की काय?"

आई वळली. "गप बस, एमिल. तुझ्या मयताचं जेवण जेवायला मला तो हवाय."

लोक हसले. एमिल सगळ्यात मोठ्याने हसला. लायल हसला नाही. तो ताट हातात घेऊन तिथेच उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने ते पुसलंही नाही, कारण दोन्ही हात ताटाला होते. "थँक्यू, आई," तो म्हणाला.

"जा, बस. निवेल," आई म्हणाली. "आणि सावकाश खा."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. तो आपल्या जागी जाऊन बसला आणि एमिलने त्याच्यासाठी बाकावर सरकून जागा केली.

त्याच्यामागे रांगेत मी होते. मी नेहमीसारखं ताट पुढे केलं. आईने बदक वाढलं, कोबी वाढला, एक डंपलिंग ठेवला. मग लायलचा उरलेला अर्धा ठेवला. मी हात मागे घेणार, तेवढ्यात तिने आणखी एक अख्खा डंपलिंग त्यावर टाकला आणि वरून रस्सा ओतला.

"घे, जोलीन," ती खाली बघतच म्हणाली. "वाळलीस."

बावन्न वर्षांची आहे मी, आणि वाळलेली तर मुळीच नाही. मी सगळं खाल्लं.