दुसऱ्या दाबाला लागणारा ब्रेक: अर्धापूर ते लातूर

लोक लातूरला मुलांना क्लास लावायला जातात. आम्ही गेलो जुन्या पिकअपचा ब्रेक शोधायला. आम्ही म्हणजे मी आणि माझे बाबा. अर्धापूरला आमची रोपवाटिका आहे आणि केळीची रोपं, आंब्याची कलमं गावोगाव पोचवायला ही पिकअप. नऊ वर्षांपूर्वी बाबांनी ती एका माणसाकडून जुनीच घेतली होती. बाबा नोकरीभर पंचायत समितीच्या जीपवर ड्रायव्हर होते, त्यामुळे गाडीच्या बाबतीत आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा.

निघायचं कारण कंधारच्या रस्त्यावर घडलं. दोन आठवड्यांपूर्वी कलमांनी भरलेली गाडी मी चालवत होते, बाबा शेजारी. उतार संपतो तिथं एक बाई शेळ्या घेऊन रस्ता ओलांडत होती. मी ब्रेक दाबला आणि पाय सरळ खाली गेला, चिखलात जावा तसा. गाडी थांबेना. बाबांनी हँडब्रेक ओढला, माझ्या हातावरून स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी कडेच्या शेतात घातली. बाईला आणि शेळ्यांना खरचटलंही नाही. त्या बाईनं मला घातलेल्या शिव्या इथं लिहीत नाही, पण त्यातली एकही मला चुकीची वाटली नाही.

बाबा एवढंच म्हणाले, "एकदा दाबून कुठं ब्रेक लागत असतो व्हय? दोनदा दाबायचा. गाडीची सवय पायाला पाहिजे."

तेव्हापासून मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आईला काही सांगितलंही नव्हतं. पुढच्या महिन्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, म्हणजे काही आठवडे त्यांचं गाडी चालवणं बंद, आणि कलमांची मागणी नेमकी तेव्हाच. पगारी ड्रायव्हर आम्हाला झेपणारा नाही. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की ब्रेक नीट झाला आणि मला चालवता आली तर गाडी ठेवायची, नाहीतर विकायची आणि लांबच्या ऑर्डरी सोडून द्यायच्या. रोपवाटिका माझ्या जिवावर चालते म्हणून मिरवायचे, त्यामुळे हे ठरवणं मला फार लागलं होतं.

पहिला दिवस नांदेडचा. आमच्या मेकॅनिकनं मास्टर सिलेंडर खोलून हातात दिला. पॅडल दाबल्यावर ब्रेकचं ऑइल चारही चाकांकडे ढकलतो तो हा पार्ट. आमच्याकडे पार्ट आणायची एक पद्धत आहे. जुना पार्ट रद्दीत गुंडाळायचा, पिशवीत घालायचा, दुकानाच्या काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचं, "असाच द्या." यालाच नमुना नेणं म्हणतात. गाडी कुठली, साल कुठलं, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. मी बाबांना म्हटलं, आरसीची झेरॉक्स घेऊ का सोबत? ते म्हणाले, "नमुना हाय की. कागदाला काय ब्रेक लागतेत का?"

अर्धापूरहून नांदेडला बसनं जेमतेम पाऊण तास. पार्टच्या गल्लीत तिसऱ्या दुकानात नमुन्याशी जुळणारे तीन डबे समोर आले. स्वस्तातला सातशेला, मधला अकराशेला आणि कंपनीचा एकोणीसशेला.

"फरक काय तिन्हीत?" मी विचारलं.

"बघायला काईच न्हाई, ताई," दुकानदार हसला. "वापरायला लई हाय. हात फिरवून बघा."

तुमच्याही दारात जुनी गाडी असेल तर हे वाचून ठेवा. स्वस्तातल्याच्या कडा करवतीच्या दातासारख्या हाताला लागत होत्या, रबराला रॉकेलसारखा वास होता आणि डब्यावरची छपाई पुसट. कंपनीच्या मालावर नंबर धातूतच उठवलेला होता, रबर दाबलं की लगेच जागेवर येत होतं. बाबांनी नमुन्याशेजारी ठेवून भोकं जुळवली, लांबी जुळवली आणि समाधानानं मान हलवली. महागाचाच घेतला. येताना दोघांनी लस्सी प्यायली, ग्लासाला चमचा लावून खावी लागते तसली.

संध्याकाळी पार्ट बसला. मेकॅनिकनं नळ्यांतली हवा काढली, नवं ऑइल भरलं. मी अंगणातच गाडी दहा पावलं पुढं घेतली आणि ब्रेक दाबला. पाय खाली गेला. परत दाबला, तेव्हा धरला.

बाबांनी बसून दाखवलं. धप-धप, गाडी जागेवर. "बघ. आता तर नवाकोरा माल हाय. आता बोल."

एकोणीसशेचा पार्ट घालूनही तेच, म्हणजे दोष माझ्या पायाचाच. शेडनेटच्या मागं जाऊन रडले, खोटं कशाला सांगू. परत आले तर मेकॅनिक अजून बॉनेटमध्ये डोकं घालून उभा. म्हणाला, "ताई, पार्टात खोट न्हाई. माझ्या कामातबी न्हाई. तरी मला पटंना. लातूरला एक चाचा हायेत, जुन्या मॉडेलचाच माल ठेवतेत. नमुना नका नेऊ, गाडी न्या." बाबांना हे आवडलं नाही. पण माझा चेहरा बघून त्यांनी सकाळी सहाला निघायचं कबूल केलं.

दुसरा दिवस. गाडी रिकामी, स्टिअरिंगवर बाबा, मी डावीकडं. अर्धापूर, नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर असा सरळ रस्ता आहे, दीडशे किलोमीटरच्या आसपास. हायवे आता चांगला रुंद आहे, फक्त गावांजवळ कधी कोणती मोटारसायकल उलट्या बाजूनं येईल याचा नेम नाही. बाबांनी काटा पन्नासच्या वर जाऊ दिला नाही. लोह्यात सुशीला आणि भजी खाल्ली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा केलेला नाष्टा. गरम असेल तरच घ्या.

अहमदपूरच्या अलीकडं आमच्यापुढं दुसरी एक पिकअप होती, तिच्यात देवणी जातीचा वळू उभा. पांढरा, तोंडाकडं काळा, आमच्याकडं असा बघत होता की आम्हीच बाजारात निघालोय. मला हसू आलं, कितीतरी दिवसांनी. आणि त्याच्याकडं बघता बघता बाबांच्या पायाकडं लक्ष गेलं. गतिरोधक आला की धप-धप. वळण आलं की धप-धप. पुढं काहीही नसताना नुसतं ऊन डोळ्यावर आलं तरी धप-धप. त्यांना ते कळतही नव्हतं.

लातुरात पोचायला साडेदहा झाले. चाचांचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली, छतापर्यंत डबे, आणि बाहेर जुन्या जीपच्या सीटवर बसलेले पांढऱ्या दाढीचे चाचा. मी पिशवीतून जुना मास्टर सिलेंडर काढायला लागले तर त्यांनी हात आडवा केला.

"ते ऱ्हाऊ दे, बेटी. गाडी कुठं हाय?"

त्यांनी आधी गाडीच्या चासीवरचा नंबर वाचला, मग आरसीवरचं साल. (झेरॉक्स मी या वेळी न विचारता आणली होती.) मग पानं सुटलेली एक जाड वही चाळली, आत जाऊन एक डबा आणला, आणि आमचा जुना नमुना आणि डब्यातला त्यांचा पार्ट शेजारीशेजारी ठेवून व्हर्नियरनं, म्हणजे आतल्या मापाच्या पट्टीनं, दोन्ही मोजले.

"हा कुणी घातला ह्या गाडीला?"

"आम्ही घेतली तवापासून हाच हाय," बाबा म्हणाले.

"हा ह्या गाडीचा न्हाईच. बारक्या टेम्पोचा हाय. भोकं जुळतेत, लांबी जुळती, म्हणून कुणीतरी बसवून मोकळा झाला. पण आतला दट्ट्या बघा, बारीक हाय. एका दाबात पुरतं ऑइलच ढकलत न्हाई. दुसऱ्या दाबाला जाऊन धरतो."

मला समजायला थोडा वेळ लागला. नांदेडच्या दुकानदारानं काही फसवलं नव्हतं. आम्ही नमुना दाखवून "असाच द्या" म्हटलं, त्यानं तसाच दिला. चुकीच्या पार्टचीच अस्सल, कंपनीची, महागडी आवृत्ती आम्ही मोठ्या हौसेनं विकत आणली होती.

बाबा मात्र अडून बसले. "चाचा, नऊ वर्षं चालवून राहिलो मी ही गाडी. एक ओरखडा न्हाई."

"चालवून न्हाई राहिलात, सांभाळून राहिलात," चाचा शांतपणे म्हणाले. "तुमचा पाय शाना हाय म्हणून गाडीचा दोष झाकला. पोरीनं एकदाच दाबला असंल. बरोबर हाय तिचं. ब्रेक एकदाच दाबायचा असतो."

मी तिथंच पायरीवर बसले. दोन आठवडे छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं. दोष माझ्या पायाचा नव्हता! मला त्या चाचांच्या पाया पडावंसं वाटत होतं, पण त्यांचं लक्ष कधीच मागच्या चाकाकडं गेलं होतं.

मागच्या चाकांचे सिलेंडरही पाझरत होते. मी म्हटलं, एकच बदला, दुसरं बरं दिसतंय. चाचा म्हणाले, "जोडीनंच बदलायचं, न्हाईतर गाडी एकीकडं ओढती." ब्रेक ऑइलची बाटली त्यांनी सीलबंद आणली आणि माझ्यासमोर उघडली. हौद्याचा मागचा फाळका सडला होता, त्याचं विचारलं तर म्हणाले, "तो जुन्या बाजारातून घ्या खुशाल. दाराची मूठ, आरसा, फाळका, सगळं घ्या. पण जे गाडी थांबवतं आणि जे गाडी वळवतं, ते जुनं न्हाई घ्यायचं." हे वाक्य मी मोबाईलमध्ये लिहून घेतलं.

काम होईपर्यंत अडीच तास गेले. तेवढ्यात जवळच्या गाड्यावर निलंगा राइस खाल्ला. पिवळा, तिखट, वर शेव, पोटभर आणि स्वस्त. बाबांनी अर्धा तसाच ठेवला.

काम झाल्यावर ते सवयीनं ड्रायव्हरच्या बाजूला निघाले. चाचा म्हणाले, "तुमी न्हाई. बेटी, तू बस."

दुकानामागं मोकळं मैदान होतं. मी तळहात ओढणीला पुसले. काटा तिसावर नेला, मनात कंधारचा उतार आला, आणि एकदाच दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. बाबा बेसावध होते, पुढं जाऊन डॅशबोर्डला हात टेकले त्यांनी. मी परत नेली, परत दाबला. परत थांबली. पाच वेळा केलं. शेवटी चाचा लांबूनच ओरडले, "आगं, टायर ठेव थोडं घरी जायला!"

बाबा खाली उतरले नाहीत. समोर बघत म्हणाले, "नऊ वर्षं. तुझ्या आईला, तुला, तुझ्या ताईच्या लेकरायला घेऊन फिरलो ह्याच गाडीत."

"काही झालं नाही ना, बाबा."

"झालं असतं." मग म्हणाले, "कंधारला मी तुलाच बोललो."

"असू द्या."

"असू कामून द्यायचं? मी चुकलो. तुझा पाय नीटच व्हता."

माझ्या बाबांनी गाडीच्या बाबतीत चूक कबूल केलेली मी जन्मात ऐकली नव्हती. मी गिअर टाकला आणि रस्त्याला लागले.

परतीला सगळा रस्ता गाडी मीच चालवली. चाकूरपर्यंत बाबा खिडकीची दांडी धरून ताठ बसले होते. पुढं एक ट्रक अचानक आमच्या बाजूला वळला, मी एकदाच ब्रेक दाबला, गाडी हळू झाली, मी निघून गेले. त्यानंतर केव्हातरी शेजारून घोरणं ऐकू आलं. बाबा दुसऱ्याच्या गाडीत कधी झोपत नाहीत. एसटीतसुद्धा ड्रायव्हरच्या मागची सीट धरून त्याच्या चुका मोजत बसतात. लोह्यात चहाला उठवलं तेव्हा आधी आजूबाजूला बघितलं, मग घड्याळात, आणि म्हणाले, "अहमदपूर येऊन गेलं का?"

दिवेलागणीला घरी पोचलो. जेवताना मी आईला कंधारचं सगळं सांगितलं. ती दोघांवरही सारखीच चिडली, मग दोघांनाही जास्तीची भाकरी वाढली. हिशोब विचारणाऱ्यांसाठी: लातूरचा मास्टर सिलेंडर, मागच्या सिलेंडरची जोडी, ऑइल आणि मजुरी मिळून पाच हजारांच्या आतबाहेर, डिझेल वेगळं. नांदेडचा पार्ट काढून परत डब्यात ठेवलाय, बदलून मिळाला तर बरं. पण खरं सांगायचं तर मला त्याचं काही वाटत नाही. रात्री इतकी गाढ झोपले की सकाळी मजूर आल्यावर जाग आली.

त्याच दिवशी भोकरहून दोनशे रोपांची मागणी आली. मी गाडी भरली, दोरी आवळली आणि बाबांना हाक मारली. ते खाटेवर पेपर वाचत होते. उठले नाहीत.

"चला की, बाबा."

"मी येऊन काय करू?" पेपरातून डोकं न काढता ते म्हणाले. "तू चालवायलीस की मला झोपच लागती. त्याला घरी खाट हाय."