माझे गुडघे आणि सायकलची सीट

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "ऑस्टिओआर्थ्रायटिस." माझं तोंड पाहून मग त्यांनी समजावून सांगितलं. हाडावर हाड घासू नये म्हणून सांध्यात एक गुळगुळीत गादी असते. ती झिजते. माझी गुडघ्याच्या वाटीमागची जास्त झिजली होती. "झिजलेली गादी परत येत नाही, बाई. सायकल बंद करा," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

रामदासपेठेतल्या त्या दवाखान्यातून मी बाहेर आले आणि सायकलवर बसूनच घरी गेले.

तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, ट्रंक कॉल जोडून द्यायचे. घर प्रताप नगरात, ऑफिस सीताबर्डीच्या बाजूला. शिफ्ट कधी सकाळची, कधी संध्याकाळची. लग्नाआधीपासून मी माझी माझी जात-येत होते. कोणी नेईल तेव्हा जायचं आणि कोणी आणील तेव्हा यायचं, हे मला जमणारं नव्हतं. गुडघ्यांपेक्षा मला त्याचीच भीती वाटली. रडूही आलं. ते मी कांदा चिरताना उरकून घेतलं.

दुखणं सुरू झालं होतं जिन्यावर. उतरताना वाटीच्या आत कळ यायची. पुढे खुर्चीवरून उठतानाही येऊ लागली, आणि मग पायडल मारताना. कोणी एरंडेल चोळायला सांगितलं, कोणी मेथ्या खायला. दोन्ही केलं. वास तेवढा आला. शिवाय स्वतःची अक्कल चालवून मी सायकलची सीट आणखी खाली करून घेतली, चढ-उतर सोपी व्हावी म्हणून.

आमच्याकडे कित्येक वर्षं नंबर लावल्यावर स्कूटर आली होती. यजमान म्हणाले, "आता काहून हट्ट करून राहिली वं? मी सोडत जाईन ना तुले." मनापासून म्हणाले. पण त्यांचं 'हा निघालोच' म्हणजे काय, ते एक्स्चेंजच्या फाटकावर उभं राहून मला कळलं. महिनाभर मी पार्सलासारखी पोचवली गेले. गुडघे होते तसेच.

पुन्हा डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, "सायकल बंद आहे, दुखणं चालू आहे. आता काय बंद करू?"

ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त दुखतं तिथे बोट ठेवायला सांगितलं. मी वाटीवर ठेवलं. "उद्या सायकल घेऊन या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या अंगणात, बाकावर बसलेल्या सगळ्या पेशंटांसमोर, मी सायकलवर चक्कर मारली. डॉक्टर ओसरीत उभे होते. "थांबा, थांबा," ते ओरडले. "गुडघे कुठवर येतात बघा तुमचे! तुम्ही तर उकिडव्या बसून चालल्या आहात. सीट इतकी खाली कोणी ठेवली?"

कोणी म्हणजे माझ्या आईने. शाळेत असताना सायकल मिळाली ती एका अटीवर: सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. पोरगी भररस्त्यात पडली, लुगडं विस्कटलं, तर लोक काय म्हणतील! आमच्या गल्लीतल्या प्रत्येक मुलीला हीच अट होती. लेडीज सायकल म्हटली की दुकानदारही न विचारता सीट खाली घ्यायचा. मी सायकली बदलल्या, सीट मात्र कधी वर गेली नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, गुडघा फार वाकलेला असताना जोर लावला की वाटी मागच्या हाडावर दाबली जाते. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर पाय जवळपास सरळ व्हायला हवा.

"पण मग पाय टेकणार नाहीत," मी म्हटलं.

"नाहीच टेकायचे. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं. पण आधी व्यायाम."

व्यायाम क्वाड्रिसेप्सचा, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूंचा. ते बळकट झाले की गुडघ्याचा भार वाटून घेतात. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, थोडा वेळ धरायचा, हळू खाली आणायचा. पुढे घोट्याला वाळूची पिशवी बांधायची. पिशव्या माझ्या मुलीने, सुषमाने, शिवून दिल्या. एक्स्चेंजमध्ये मी वर "हॅलो, मुंबई" करायचे आणि टेबलाखाली पाय सरळ. खाली बसून निवडणं-टिपणं सोडलं. कंटाळा यायचा, तरी एक दिवस चुकवला नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा सीट दोन बोटं वर घेतली आणि पहाटे शाळेच्या मैदानावर गेले. उतरताना सरळ आडवी झाले. कोपर सोलवटलं. एक दूधवाला कॅन घेऊन थांबला. "लागलं काय वं, बाई?"

"शिकून राहिली मी," म्हटलं आणि उठले. दुसऱ्या दिवशी परत गेले. उतरणं जमलं तेव्हा आणखी दोन बोटं.

मग ऑफिसच्या वाटेवरचा, गर्दीचा व्हरायटी चौक. पोलिसाने हात केला. मी सीटवरून पुढे सरकले, एक पाय खाली ठेवला आणि उभी राहिले. आजूबाजूला पाहिलं. माझ्याकडे बघायला कोणालाही सवड नव्हती! आणि या लोकांना मी आयुष्यभर घाबरत आले होते.

माझे गुडघे काही नवे झालेले नाहीत. थंडीत कुरकुरतात. चढ आला की मी उतरून चालते, डबलसीट कोणालाच घेत नाही, आणि वाळूच्या पिशव्या अजून बांधते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना एवढंच सांगेन, माझा उपाय आपल्या मनाने उचलू नका. आधी दाखवून घ्या. पण दाखवायला जाल तेव्हा सायकलही घेऊन जा. त्या डॉक्टरांनी माझी सायकल पाहिली, याचे उपकार मी विसरणार नाही.

परवा सुषमासाठी कॉलेजला जायला सायकल घेतली. दुकानदाराने पाना काढला आणि सवयीने सीट खाली घेऊ लागला. मी म्हटलं, "वर घ्या. आणखी. हं, राहू द्या."

सुषमा बसली आणि तिने माझा खांदा घट्ट पकडला. "आई, माहे पाय टेकूनच नाही राहिले!"

"मला माहीत आहे," मी म्हटलं आणि तिचा हात सोडवला. "चालव."