पूर्ण किमतीचं घर

तात्यांनी आयुष्यात मला एकदाच फोन केला. सकाळचे सात वाजले असतील. "शकू उठंना बघ," एवढंच म्हणाले... आणि फोन चालूच राहिला. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, वय नव्वदीला टेकलेलं. शकुंतला त्यांची एकुलती एक मुलगी, माझी शकूअक्का. बारामतीत भिगवण रस्त्यावरच्या एका खोलीच्या घरात दोघं राहत. मी पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच गेली, म्हणाले. त्याला महिना उलटला, आज तिच्याबद्दल लिहायला बसलोय.

अक्का इंदापूर तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यांत नर्स होती. लग्न केलं नाही. सगळी नोकरी क्वार्टरमध्ये काढली. बदली झाली की ट्रंक आणि शेगडी उचलायची, दुसऱ्या गावी मांडायची. निवृत्त झाली तेव्हा तिला फक्त दोन खोल्या हव्या होत्या. एक तिला आणि एक डाळजला एकट्या राहणाऱ्या तात्यांना.

पिंपळीला तसा फ्लॅट मिळालाही. इसार द्यायच्या दिवशी मालक हळूच म्हणाले, कागदावर सरकारी दराएवढीच किंमत दाखवू, उरलेली रोख द्या. तुमचंही मुद्रांक शुल्क वाचेल. पूर्ण किंमत लिहायची तर भाव वाढवून लागेल, कारण मग त्यांचाही कर वाढणार. मी अक्काला बाजूला घेतलं. "सगळे असंच करतात गं. सही कर आणि मोकळी हो."

तिनं इसाराचे पैसे परत पिशवीत ठेवले. मग म्हणाली, "अरे, जन्मलेल्या पोराचं वजनसुदिक मी कधी वाढवून लिवलं न्हाय. आता सोताच्या घराची किंमत कमी लिवू व्हय?"

तो फ्लॅट आठवड्याभरात दुसऱ्या कुणीतरी मालकाच्या अटीवर घेतला. पुढं वर्षभर आम्ही हिंडलो... जिथं जावं तिथं तीच भाषा. बाईच्या नावावर घेतलं की शुल्कात एक टक्का सवलत मिळते, तेवढाच आधार. त्यात सरकारी दर वाढले आणि मालकांनी लगेच त्यावर आपले भाव चढवले. अक्काचे निवृत्तीचे पैसे मात्र होते तेवढेच होते. शेवटी पूर्ण किंमत लिहायला तयार असलेला मालक मिळाला, पण शुल्क आणि नोंदणी फी बाजूला काढून जे उरलं, त्यात एक खोली आणि स्वयंपाकाचा ओटा बसला.

दस्त नोंदवायच्या दिवशी कचेरीतला सर्व्हर बंद पडला. सकाळपासून चारपर्यंत आम्ही बाकावर. अंगठा, फोटो झाल्यावर तिनं कागदावरची किंमत बोट ठेवून वाचली. "दमले रे," म्हणाली, "पर बरोबर हाय." मला त्या क्षणी तिचं कौतुक वाटलं नाही, रागच आला. म्हातारपणी तात्यांना वेगळी खोली नाही ती तुझ्या हट्टापायी, असं मी तिथंच बोलून गेलो. "ठाऊक हाय मला," एवढंच ती म्हणाली. मी नंतर कधी माफी मागितली नाही... राहून गेलं.

तात्या मात्र कुरकुर न करता आले. त्या एका खोलीत बापलेकीनं तीन वर्षं काढली.

गेल्या आठवड्यात दुपारी तात्यांकडं गेलो होतो. त्यांची गादी भिंतीला खेटून पसरलेली. खिडकीकडची, पंख्याखालची फरशी मोकळी, पुसून लख्ख केलेली. उकडत होतं. मी म्हणालो, "तात्या, गादी पंख्याखाली ओढू का? आता जागा आहे."

"नगं," तात्या म्हणाले. "तितं शकू झोपती."

मी चहा पिऊन उठलो. दार त्या मोकळ्या फरशीपलीकडं समोरच होतं, पण मी भिंतीच्या कडेकडेनं बाहेर आलो.