चाळणीतून गेलेले वाइप्स

वहिनीचं काम ऐकून लोक आधी हसायचे. वापरून संडासात टाकायचे ओले वाइप्स, पातळ पॅड, असलं काही बाजारात येण्याआधी ते खरंच वाहून जातं का, हे ती तपासायची. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत चौथऱ्यावर कमोड, त्याला जोडलेला आरपार दिसणारा लांबलचक पाइप आणि टोकाला पाण्याची हलती पेटी. पेटीत वाइप घुसळायचा आणि ते पाणी चाळणीवर ओतायचं. चाळणीवर फारसं काही उरलं नाही, तर माल पास.

"आमच्या वहिनी दिवसभर फ्लश ओढतात आणि संध्याकाळी दमून घरी येतात," असं तिचा धाकटा दीर चारचौघांत सांगायचा.

तीही ऐकून घेणारी नव्हती. "मी ओढते, भावजी उपसतात. आमचं घर एकाच पाइपवर चाललंय."

तो सांडपाण्याच्या पंपिंग स्टेशनवर कामाला होता. नवरा गेल्यावर याच दिरानं तिला एकटं पडू दिलं नव्हतं. सासूबाई, तो आणि ती, असं तिघांचं बिऱ्हाड.

एकदा एका कंपनीचे नवे वाइप्स तपासायला आले. पांढरेशुभ्र, पानांची नक्षी उमटवलेले. चाळणीतून ते गेले खरे, पण तुकडे होऊन नव्हे, सुतासारखे लांब होऊन. तिनं साहेबांना बोलावलं.

"साहेब, हे तुटत नाहीये. नुसतं लांबतंय."

"चाळणीतून गेलं ना?"

"गेलं."

"मग झालं तर. नियमात आहे तेवढं आपण बघायचं."

नियमात खरंच तेवढंच होतं, आणि साहेब काही लबाड माणूस नव्हता. तिनं पास म्हणून सही केली आणि चाळणी धुवायला घेतली.

वर्षभरात ते वाइप्स दुकानादुकानांत दिसू लागले. इकडे दीर जेवताना सांगायचा, हल्ली पंप सारखे अडतात. पंपातल्या पंख्याला चिंध्यांचा पीळ बसतो. त्यात केस, चरबी, सगळं गुंफलेलं, मनगटाएवढं जाड. "आम्ही त्याला वेणी म्हणतो. सोडवताना नाकी नऊ येतात."

"अरे, जेवताना तरी गप्प बस!" सासूबाई करवादायच्या.

वहिनी अर्ध्या ताटावरून उठून भांडी घासायला घ्यायची.

मग एका दुपारी प्रयोगशाळेत फोन आला. पंप बंद करून दीर वेणी कापत होता. पीळ सुटला, वर अडलेलं पाणी एकदम उलटं आलं आणि पंखा गर्रकन फिरला. उजव्या हाताची चारही बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला.

शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, "वहिनी, आता उपसायचंही तुम्हीच." सासूबाई रडता रडता हसल्या. तिला ते जमलं नाही.

ती पंपावर गेली. मुकादमानं कापलेली वेणी टाकलेलं कोपऱ्यातलं पिंप दाखवलं. हातमोजे घालून ती वेणी उकलत बसली. पानांची नक्षी सापडली, एका ठिकाणी नाही, अनेक ठिकाणी. पण त्याच्या जोडीला बाळांचे वाइप्स होते, पॅड होते, फडकी होती.

"कुणाकुणाचं नाव घेणार बाई?" मुकादम म्हणाला. "गावभरची घाण आहे ही."

परत येऊन तिनं स्वतःच्या मनानं चाचणी लावली. थंड पाणी, त्यात चरबी, आणि पेटी अगदी हळू. पानांचे वाइप्स एकमेकांभोवती वळत गेले आणि त्यांचा दोर झाला. साहेबांनी तो दोर उचलून दोन्ही हातांनी ताणून पाहिला.

"तुमचं खोटं नाही. पण ही चाचणी नियमात बसत नाही. मी वर कळवतो."

त्यांनी कळवलंही. विचार करू, असं उत्तर आलं. कंपनीच्या माणसानं पुढचा माल दुसऱ्या प्रयोगशाळेत नेला आणि तिथं तो पास झाला.

दिराचं बँडेज निघाल्यावर तिनं त्याला सगळं सांगून टाकलं.

"तुम्ही पास केलेत?" त्यानं विचारलं.

"हो."

"लांबतंय हे दिसत असून?"

"दिसत होतं."

तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. भांडला नाही, टाकून बोलला नाही. पण त्या दिवसापासून त्याची थट्टामस्करी आटली. पंपावर त्याला आता फाटकाशी बसायचं काम मिळालं होतं. प्रयोगशाळेत तिनं असल्या मालावर सही करायचं सोडलं. साहेबांनी ते काम शेजारच्या टेबलावर सरकवलं आणि तिथं ते बिनबोभाट होत राहिलं.

"तुमचं दोघांचं काही बिनसलंय का गं?" सासूबाईंनी एकदा विचारलं.

"नाही आई."

सकाळी कामावर निघताना दीर डाव्या हातानं शर्टाची बटणं लावायचा. बटण निसटायचं, तो दात-ओठ खायचा. एकदा न राहवून ती पुढं झाली.

"राहू द्या," तो म्हणाला. "जमतंय मला."

जमत नव्हतं. वरची दोन बटणं तशीच उघडी ठेवून तो जिना उतरून गेला, आणि ती डबा भरायला आत वळली.