आठ वर्षं एक दाता मागे

सिक्स्टनने गुन्वोरबाईंच्या गाडीचा टायमिंग बेल्ट बदलला आणि धडधाकट गाडी बिघडवून ठेवली. सकाळी गुमान चालत आलेली निळी गाडी दुपारी हिवताप भरल्यासारखी थडथडत होती.

आमच्या गावात गॅरेज एकच आणि त्यात माणूसही एकच. एकसष्ट वर्षांच्या सिक्स्टन हालवर्सनची सगळी ख्याती पांढरा रंग भरलेल्या एका डबीवर उभी होती. टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनाची खालची-वरची दातेरी चाकं एका तालात फिरवणारा पट्टा. तो काढण्याआधी सिक्स्टन दोन्ही चाकांवर एकेक ठिपका द्यायचा आणि नवा बेल्ट चढवताना ते ठिपके इंजिनावरच्या खुणांसमोर आणायचा. कारखान्याने त्याच चाकांवर खाचा पाडलेल्या असतात, पण त्या तेलाच्या मळीखाली. पुसत कोण बसतो? तो खाच अंदाजाने हेरून तिच्यावर ठिपका द्यायचा. गुन्वोरबाईंच्या गाडीवर तर आठ वर्षांपूर्वीचे त्याचेच ठिपके तयार होते.

दोन दिवस त्याने सगळ्यांना दोष दिला, स्वतःला सोडून. प्लग बदलले, हवेच्या नळ्या फुंकून पाहिल्या, पेट्रोलला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी झाकण काढून, पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवलं. हे काम बेल्ट चढवल्याबरोबर करायचं असतं. सिक्स्टन ते अनेक वर्षं फक्त इतरांना सांगत आला होता. खालचा ठिपका जागेवर आला, वरचा एक दाता मागे राहिला. बेल्ट ताणताना सरकला असणार. त्याने दाता जुळवला आणि गाडी पूर्वीसारखी चालू लागली.

इथेच हात धुतले असते तर बरं झालं असतं. पण एकदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा बघतो. त्याने इंजिन बंद करून वरच्या चाकाची मळी पुसली. खाली कारखान्याची खाच होती आणि त्याचा ठिपका तिच्यावर नव्हता. शेजारच्या दात्यावर होता. आठ वर्षांपूर्वी मळीतल्या कसल्याशा ओरखड्याला तो खाच समजला होता.

मग त्याला आल्वार आठवला, गुन्वोरबाईंचा नवरा. तेव्हा बेल्ट बदलल्यावर महिन्याभरातच तो आला होता. गाडी मागची कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं फिरतं घर, ओढत नाही, चर्चच्या चढावर मान टाकते, असं म्हणत होता. सिक्स्टनने इंजिनाकडे ढुंकूनही न पाहता सांगितलं होतं, "इंजिनाचं वय झालं, आल्वार. तुझंही झालंय." गॅरेजात कॉफी प्यायला बसलेले चौघे खदखदून हसले होते. त्या शरदात आल्वारने कॅराव्हॅन विकली. दर उन्हाळ्याचे सहा आठवडे दोघं नवराबायको तिच्यात, तळ्याकाठी राहायची. दोन वर्षांपूर्वी आल्वार गेला.

सिक्स्टनने बेल्ट पुन्हा उतरवला, खाचेवर बसवला. इंजिन इतकं सुरेल फिरलं की त्याला ऐकवेना. गाडी देताना तो एवढंच म्हणाला, की नवा बेल्ट टाकलाय. कोणाला कळणार होतं?

दुसऱ्या दिवशी गुन्वोरबाई दालचिनीच्या बन्सनी भरलेला पत्र्याचा डबा घेऊन आल्या. बहिणीकडे जाऊन आल्या होत्या. गाडी चढावर एकदाही दमली नाही, म्हणाल्या. मग कपातल्या कॉफीकडे बघत हळूच म्हणाल्या, की आल्वार असायला हवा होता.

सिक्स्टनने अर्धा बन डब्याच्या झाकणावर ठेवला.

"गुन्वोर, गाडी मीच बिघडवली होती."

"या वेळी ना? मला माहितेय. दोन दिवस उशीर झाला तेव्हाच ओळखलं."

"या वेळी नाही. आठ वर्षांपूर्वी. एक दाता चुकला होता. इंजिन म्हातारं झालं नव्हतं."

आमच्याकडे उत्तरेत 'हो' म्हणायला शब्द लागत नाही, ओठ आवळून श्वास आत ओढला की झालं. गुन्वोरबाईंनी तसा श्वास ओढला.

"तो म्हणायचा, गाडीत काहीतरी तिरकं आहे," त्या म्हणाल्या. "मीच गप्प केलं त्याला. म्हटलं, सिक्स्टनपेक्षा तुला जास्त कळतं का?"

"मी काय करू आता?"

"मला काय विचारतोस? चार लोकांत थट्टा त्याची केली होतीस. त्याला जाऊन सांग."

त्या निघाल्या. डबा राहिला.

सिक्स्टन आता प्रत्येक चाक पुसतो, खाच बोटाने चाचपतो, मगच ठिपका देतो. चर्चच्या दफनभूमीपर्यंत तो दोनदा जाऊन आला. पहिल्यांदा शेजारच्या थडग्यापाशी कोणी फुलांना पाणी घालत होतं, म्हणून परतला. दुसऱ्यांदा कोणीच नव्हतं, तर तो फाटकापाशी गाडीतच बसून राहिला, इंजिन चालू ठेवून, जणू आवाजच तपासायला आला होता.

रिकामा डबा कोणी परत करत नाही, म्हणून त्याच्या बायकोने तो लाल बेरीच्या मुरंब्याने भरून दिला. पण आधी आल्वारला सांगितल्याशिवाय गुन्वोरबाईंचं दार कसं वाजवायचं? मुरंब्याचा डबा गॅरेजच्या फळीवर, पांढऱ्या रंगाच्या डबीशेजारी, अजून तसाच आहे.