दुसरं ताट

मिस्त्रींच्या गॅरेजात यंत्रं फारशी नव्हती, पण ताटं दोन होती. घरातून बाद झालेली, कडा चेपलेली, स्टीलची. एका इंजिनाला एक ताट, हा तिथला कायदा. इंजिन उघडलं की त्याचे नट, बोल्ट, वायसर ताटात. सगळं परत बसलं की ताट रिकामं. ताट रिकामं झाल्याशिवाय किक मारायची नाही. स्कूटरी, पाण्याचे पंप, दवाखान्यांचे जनरेटर, गवत कापायची यंत्रं, सगळं एकतीस वर्षं या दोन ताटांतून गेलं होतं आणि मागे एक वायसरही उरला नव्हता. मिस्त्री हे स्वतःहून कुणाला सांगत नसत. कुणी विचारायची वाट बघत.

विचारलं नव्हतं ते फक्त दाजींनी. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. वजनकाटे तपासायच्या नोकरीतून निवृत्त झालेले. नोकरी संपली, तपासणं संपलं नाही. त्यांची स्कूटर कायम शोरूममध्ये जायची. “तिथं काचेतून आपली गाडी उघडताना बघता येते, मेहुणे,” ते म्हणायचे. मिस्त्रींच्या गॅरेजला पुढची भिंतच नव्हती, त्यामुळे काचेचा प्रश्न कधी आला नव्हता.

मग दाजींची स्कूटर धूर ओकू लागली, शोरूमने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली, आणि ताईचा पारा चढला. “सख्खा भाऊ मेकॅनिक असताना तारखा कसल्या घेता?” त्या रविवारी सकाळी दोघं गाडी घेऊन आली. जेवूनच जायचं ठरलं.

नेमकी त्याच दिवशी पलीकडच्या गल्लीतल्या नर्सबाईंची स्कूटरही उघडून ठेवली होती. तीच कंपनी, तेच दुखणं. दोन्हींत नवा पिस्टन घालायचा होता. दोन इंजिनं, दोन ताटं.

साडेबाराला मिस्त्रींची बायको गॅरेजात आली, ताटांवर नजर टाकली आणि एकातलं सगळं सामान दुसऱ्यात ओतलं.

“अगं, अगं!”

“दोन ताटं शेजारी गेलीत ती आली नाहीत. माणसं चार, ताटं तीन. दाजींना काय पातेल्यात वाढू?”

“ते ताट...”

“घासून घेते.”

तिने खरंच घासलं, तेही तीनदा. दाजी त्यात पोटभर जेवले. मध्ये एकदा नाक वर करून म्हणाले, “भाजीला कसला तरी वास येतोय का?”

“नवीन तेल आहे,” मिस्त्रींची बायको म्हणाली. मिस्त्रींनी मान खाली घालून आणखी एक घास घेतला.

जेवण झाल्यावर दाजी मिस्त्रींच्या डोक्याशी येऊन उभे राहिले. त्यांची गाडी आधी झाली, नर्सबाईंची नंतर. दोघंही आपापल्या गाड्या घेऊन गेली. संध्याकाळी उरलेलं ताट पुसताना चेपलेल्या कडेत अडकलेलं काहीतरी मिस्त्रींच्या बोटाला टोचलं.

तारेचं लॉक होतं. नखाएवढं. पिस्टनच्या पिनेला दोन्ही टोकांना असं एकेक लावतात. ते नसलं तर पीन हळूहळू बाहेर सरकते, सिलिंडर ओरबाडते आणि एखाद्या दिवशी चालत्या गाडीचं इंजिन जाम करते. मागचं चाक जागच्या जागी थांबतं. गाडीवरची माणसं थांबत नाहीत.

मिस्त्री आधी नर्सबाईंकडे गेले. त्यांचं घर जवळ, असं कारण त्यांनी स्वतःला दिलं. नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “आमच्याकडेही टाके घालायच्या आधी बोळे मोजतात. उघडा,” एवढंच म्हणाल्या.

मिस्त्रींनी इंजिन उघडलं. दोन्ही लॉक जागेवर होती. आपलं काम बरोबर निघाल्याचं वाईट वाटण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

“उद्या सकाळी दाजी-ताई लेकीकडे निघालीत,” घरी बायको म्हणाली. “चाळीस किलोमीटर. हवा बघायला आलो म्हणा आणि गुपचूप बसवून या.”

“हवा बघायला सिलिंडर उतरवतात होय?”

“दाजींना काय कळतंय?”

“कळत नाही, पण बघत बसतात.”

मिस्त्रींनी ताईला फोन करून सांगितलं, मी आल्याशिवाय गाडीला हात लावू नका. का, ते सांगितलं नाही.

सकाळी साडेसहाला ते अवजारांची पेटी घेऊन दाजींच्या दारात उभे होते. “दाजी, माझ्याकडून एक लॉक बसवायचं राहिलं. इंजिन पुन्हा उघडावं लागेल.”

दाजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “पुन्हा म्हणा.”

मिस्त्रींनी पुन्हा म्हटलं.

“एकतीस वर्षांत पहिल्यांदा?”

दाजींनी विचारलं कधीच नव्हतं, पण ऐकलेलं सगळं होतं.

ते आत जाऊन खुर्ची घेऊन आले आणि वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनाही हाक मारली. ताई कडाडली, “मी मागे बसणार होते त्या गाडीवर! आणि तुम्ही खुर्च्या काय मांडताय?”

सिलिंडर उतरला. पिनेचं एक टोक उघडं होतं. पीन जरा सरकली होती, पण सिलिंडरला ओरखडा नव्हता. मिस्त्रींनी श्वास सोडला आणि खिशातलं लॉक बसवलं. शेजाऱ्यांपैकी एकाने तेवढ्यात चहा मागितला.

“पण झालं कसं हे?” दाजी म्हणाले. “एवढी तुमची ती ताटांची शिस्त.”

मिस्त्रींनी पान्याने शेवटचा बोल्ट आवळला. मग आणखी थोडा आवळला.

“जेवणाची वेळ होती,” ते म्हणाले.

त्यानंतर दाजी शोरूमकडे फिरकले नाहीत. तिथलं कुणी घरी येऊन चुकलो म्हणालं नव्हतं, हे त्यांच्या हिशेबात बसलं असावं. फक्त किक मारायच्या आधी ते “ताट दाखवा” म्हणतात. मग ते उजेडात धरून, उलटंसुलटं करून तपासतात. मागच्या खेपेला चेपलेल्या कडेवरून अंगठा फिरवता फिरवता थांबले.

“मेहुणे, हे ताट मी कुठंतरी बघितलंय.”

“ताटं सगळी सारखीच असतात, दाजी,” मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी किक मारली.